चिंध्यांमधल्या पोरांची शाळा

आज मी लंडनमधल्या एका इमारतीबद्दल बोलणार आहे. पण तिच्यातला प्रश्न शिष्यवृत्तीच्या खिडकीपाशी उभं राहिलेल्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे.

पूर्व लंडनमध्ये कॉपरफील्ड रोडवर, कालव्याच्या काठी, काही गोदामं होती. तिथे १८७७ मध्ये थॉमस बर्नार्डो यांनी गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढली. अशा शाळांना ‘रॅग्ड स्कूल’ म्हणत, म्हणजे चिंध्यांमधल्या पोरांची शाळा. नावातच लायकी लिहिलेली! तरी हजारो मुलांनी तिथे अक्षर गिरवलं, त्यांच्या पोटात चार घास गेले. हे मी हलकं मानत नाही. उपाशी पोराला पाटीवरचं काही दिसत नाही, हे आपल्या आयांना कुणी शिकवावं लागलं नाही.

पण पैसा देणगीचा होता. देणाऱ्याला पाझर फुटावा म्हणून बर्नार्डो यांच्या संस्थेकडून मुलांच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंची कार्डं विकली जात. ‘आधी’च्या फोटोत पोर होतं त्याहून दीनवाणं दाखवतात, असा आरोप झाला. शाळा उघडली त्याच वर्षी लवादानं या बनावट फोटोंवर ठपका ठेवला.

मला वाचून नवल वाटलं नाही. मी नववीत असताना एका संस्थेनं वह्या वाटल्या. फोटोसाठी ओळ लावली, आणि माझ्या मैत्रिणीला पायातल्या नव्या चपला काढून ठेवायला सांगितलं.

आता पाचच वर्षांनी पुढे, आपल्याकडे या. १८८२ मध्ये जोतीराव फुले हंटर आयोगाला निवेदन देतात. त्यात याचना नाही, हिशेब आहे. महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे कसं? निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ज्याचा पैसा त्याचं पोर शिकणार, तर चपला कशाला काढायच्या?

लंडनची ती शाळा १९०८ मध्ये बंद झाली. तोवर आसपास पुरेशा सार्वजनिक शाळा झाल्या होत्या. १९९० पासून तिथे संग्रहालय आहे.

आपली अनुसूचित जातींची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते तेव्हाची. तरी खिडकीतला बाबू ‘फुकटात शिकता’ म्हणतो, आणि आपण अर्जात ‘कृपा करून’ लिहितो. पुढच्या अर्जात त्या जागी शासन निर्णयाचा क्रमांक आणि तारीख लिहा. रक्कम थकली असेल तर किती महिन्यांची, तेही.