फाल्त्सच्या अरण्यातून द्राक्षमळ्यांकडे

नैर्ऋत्य जर्मनीत, फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या फाल्त्स प्रदेशात सुमारे 1770 चौरस किलोमीटर क्षेत्राचे एक सलग अरण्य असून, ते पूर्वेला जेथे एकाएकी संपते तेथूनच ऱ्हाइन नदीच्या मैदानाकडे उतरत जाणारे द्राक्षमळे सुरू होतात. बहुतेक प्रवासी 1935 साली आखलेल्या सुमारे 85 किलोमीटर लांबीच्या ‘जर्मन वाइन मार्गा’वरून मोटारीने येतात, वाइनची चव घेतात आणि परततात, अरण्याकडे त्यांची पाठच राहते. जाणत्या वाटाड्याबरोबर एडेनकोबेनच्या दरीतून, बीच आणि ओक वृक्षांच्या सावलीने, रीटबुर्ग या पडक्या किल्ल्यावरून खाली रोड्ट गावात पायी उतरणाऱ्याला मात्र या प्रदेशाचा खरा उलगडा होतो.

या अरण्याखाली सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वी साचलेल्या वाळूचा तांबूस खडक आहे. पुढे ऱ्हाइनचे खोरे भूकवचाच्या ताणामुळे खचले आणि त्याच्या काठावर हार्ट नावाची डोंगरकड उभी राहिली. पश्चिमेकडून येणारे ढग आपले बरेचसे पाणी डोंगरावरच सोडतात आणि पूर्वेचा उतार कोरडा व उबदार राहतो. सह्याद्रीपलीकडील पर्जन्यछायेत नाशिकची द्राक्षे पिकतात, त्यामागेही असेच कारण आहे. रीसलिंग या पांढऱ्या द्राक्षाला हे हवामान मानवतेच, शिवाय जर्मनीत असूनही येथे बदाम फुलतात आणि अंजिरे पिकतात.

परंतु पाऊस अडवणे एवढेच अरण्याचे ऋण नाही. वेली ज्यांवर चढवत त्या लाकडी चौकटींना येथे ‘कामर्ट’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी गोड्या चेस्टनटचे लाकूड वापरले जाई, कारण त्यातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ते ओल्या मातीतही लवकर कुजत नाही. अरण्याच्या पूर्व कडेला आजही दिसणाऱ्या चेस्टनटच्या राया याच गरजेतून वाढवल्या गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या गावकऱ्यांनी रानातला पालापाचोळा गोळा करून गोठ्यात अंथरला आणि त्याचे खत मळ्यांना घातले, त्यामुळे मुळातच निकस असलेली रानातली माती आणखी क्षीण झाली. गावांच्या समृद्धीतला अरण्याचा हा वाटा नोंदवल्याशिवाय वाइनची कोणतीही स्तुती अपुरी ठरते.

रोड्टमध्ये बैलगाड्या आत जाव्यात म्हणून बांधलेल्या दगडी कमानी घरोघरी आहेत, आणि गावाजवळच्या एका मळ्यातील ट्रामिनर जातीच्या वेली सुमारे चारशे वर्षांच्या मानल्या जातात. वाटेवरील रानातल्या विश्रामगृहांपैकी अनेक 1902 मध्ये स्थापन झालेल्या ‘फेल्त्सरवाल्ड’ संघाचे स्वयंसेवक चालवतात; तेथे सोडा मिसळलेली वाइन, म्हणजे ‘शोर्ले’, अर्ध्या लिटरच्या पेल्यात मिळते आणि एकाच बाकावर अनोळखी माणसे शेजारी बसतात.

1998 पासून हे अरण्य फ्रान्समधील उत्तर व्होज डोंगरांसह युनेस्कोचे सामाईक जीवावरण राखीव क्षेत्र आहे. तेथे जाण्याचा योग येणाऱ्या श्रोत्यांनी, शक्य झाल्यास, द्राक्षतोडणी आणि चेस्टनटची फळगळ जवळजवळ एकाच वेळी चालते तो शरद ऋतूचा काळ निवडावा, आणि गावात मोटारीने न शिरता रानातून चालत उतरावे.