चित्र आमचं, आवाज त्यांचा

(नालासोपारा पूर्वेच्या एका बुद्धविहारात तरुणांपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय, शिव्या तेवढ्या कमी केल्यात.)



मला इथं कविता वाचायला बोलावलं होतं. कविता नंतर वाचीन. आज टीव्हीवर बोलायचंय. म्हणजे टीव्हीच्या बातम्यांवर. टीव्हीत बोलायला आपल्याला कोण घेतंय?

हा भिंतीवरचा टीव्ही आपण वर्गणी काढून आणला. संध्याकाळी माणसं पाळीवरून येतात, इथं टेकतात, बातम्या बघतात आणि घरी जाताना त्या अँकरची जीभ स्वतःच्या तोंडात घालून जातात. मीपण जायचो. मी मॅट्रिक झालेला माणूस. शहाणे लोक अर्धशिक्षित म्हणतात. गोदीत ठेकेदाराच्या हजेरीवर ओझी उचलतो. तरी इतकी वर्षं बघून बघून एक गोष्ट माझ्या टाळक्यात शिरलीय. बातमी खोटीच असते असं नाही. पुष्कळदा खरी असते. पण तिच्यात चित्र आपलं असतं आणि आवाज दुसऱ्याचा. कसं ते सांगतो.

३ जानेवारी २०१८. तुमच्यातले काहीजण तेव्हा शाळेत असतील. १ जानेवारीला भीमा कोरेगावला दगड पडले. लढाईला दोनशे वर्षं झाली म्हणून माणसं पोराबाळांसकट मानवंदनेला गेली होती. आमच्या आळीतली एक मावशी कपाळाला चार टाके घेऊन परत आली. ३ तारखेला प्रकाश आंबेडकरांनी महाराष्ट्र बंदची हाक दिली आणि आपण नालासोपाऱ्याला रुळावर उतरलो. मी एकोणीस वर्षांचा. एक कॅमेरावाला आला, त्याच्याबरोबरच्या पोरानं माझ्यापुढं माईक धरला. मी दोन मिनिटं बोललो. वढू बुद्रुकला गोविंद गोपाळ महारांच्या समाधीजवळचा फलक डिसेंबर संपता संपता मोडला, तिथून हे पेटलं, ते सांगितलं. दगड मारणारे शोधा म्हणलं. पोरगं मान हलवत होतं. मला वाटलं, पोचलं आपलं म्हणणं.

संध्याकाळी आई ओरडली, "आला, आला! आपला पोरगा टीव्हीत आला!" सगळी चाळ धावली. बघतो तर मी रुळावर उभा. माझं तोंड हलतंय, हात हलतोय, आणि आवाज अँकरबाईचा. ती सांगत होती, गाड्या किती खोळंबल्या, चाकरमान्यांचे किती हाल झाले. माझं तोंड शेवटपर्यंत हलत राहिलं. आई म्हणाली, "तू काय बोलतोय, ऐकायला येत नाय." बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला तो मुक्यांना वाचा फुटावी म्हणून. ९८ वर्षांनी, साला, मला वाचा होती आणि त्यांनी मला मुका करून नायक केला.

चाकरमान्यांचे हाल झाले. मी नाकारत नाही. त्या गाड्यांत आपलेपण रोजंदारीवाले अडकले होते. पण दिवसभर तेवढा एकच प्रश्न? दगड कुणी मारले हा प्रश्न कुठं गेला? तो सहा महिन्यांत पार उलटाच झाला. ३१ डिसेंबरला शनिवारवाड्यावर एल्गार परिषदेत कोण काय बोललं, कुणी कुठलं गाणं म्हणलं, त्याची चौकशी सुरू झाली. पकडापकडी होत होत १६ माणसं आत गेली. स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ ला कोठडीत असतानाच मेले, वय ८४. आणि 'अर्बन नक्षल' हा शब्द टीव्हीतून उतरून आमच्या चाळीच्या नळावर आला. कपाळाला टाके पडलेली मावशी पाणी भरायला गेली की पोरं तिला हसत हसत तो शब्द चिकटवायची. मावशीला वाटायचं, काहीतरी नवीन जात निघाली.

आता दुसरी तारीख ऐका. १६ फेब्रुवारी २०१९. तेच नालासोपारा, तेच रूळ. १४ तारखेला पुलवामाला सीआरपीएफचे ४० जवान मारले गेले होते, त्यात आपल्या बुलढाण्याचे दोघं. लोक रुळावर उतरले, काही तास गाड्या बंद. मी या वेळी फलाटावर, डबा हातात, दादरला बदलून सँडहर्स्ट रोड गाठायचं होतं. पाळी बुडाली, त्या दिवसाची हजेरी गेली. माझेपण हालच झाले ना? संध्याकाळी मुद्दाम बातम्या लावल्या, म्हणलं आज तरी माझे हाल दाखवतील. मी बघितलेल्या बातमीत तो होता जनतेचा संताप. आमचा होता तो गोंधळ, धुडगूस. त्या लोकांवरपण शेवटी पोलिसांनी लाठ्या चालवल्या, हे खरं, ते सांगितलं पाहिजे. जवानांच्या मरणाचं दुःख आम्हाला नव्हतं असं कुणी समजू नये. बुलढाण्याच्या घरात रडणारी आई आमच्या आईसारखीच होती. पण तेरा महिन्यांत एकाच रुळाची दोन नावं कशी झाली? रूळ बदलला नव्हता. रुळावर उभी असलेली माणसं बदलली होती.

यावर कुणी म्हणेल, ही तुमची जातीची रडगाणी. बरं, मग जरा वर डहाणूकडं चला. गडचिंचले. १६ एप्रिल २०२०, लॉकडाऊनची रात्र. दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर सुरतेला एका अंत्यविधीला निघाले होते. पोरं पळवणारे फिरतात अशी अफवा त्या भागात मोबाईलवरून दिवसरात्र फिरत होती. गावानं गाडी अडवली आणि तिघांना मारून टाकलं. पोलीस समोर. त्याचा व्हिडिओ मी पूर्ण बघू शकलो नाही. म्हातारा साधू पोलिसाचा हात धरून चालत होता, तिथं मी बंद केला. ज्यांनी मारलं त्यांना शिक्षा व्हावीच, यात माझ्या मनात दुसरं काही नाही.

पण नंतर टीव्हीनं काय केलं? स्टुडिओत बसून धर्म शोधला. हिंदू साधू मेले म्हणजे मारणारे कोण असतील, हे न बोलता बोलून झालं. गृहमंत्री अनिल देशमुखांना १०१ अटक केलेल्यांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की यात एकपण मुसलमान नाही. होते ते आदिवासी. अफवेनं गावात तीन माणसं मारली, तर गाव तुरुंगात गेलं. तीच अफवा स्टुडिओत टाय बांधून बसली तर तिला 'महाचर्चा' म्हणतात. आणि त्या महाचर्चेत गडचिंचल्याचा एक माणूस बोलताना मी बघितला नाही. त्या पाड्यावर रेशन पोचलं होतं का, अफवा कुणी सुरू केली, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

आता आपल्या दारात या. १९ नोव्हेंबर २०२४, विधानसभेच्या मतदानाचा आदला दिवस. विरारच्या एका हॉटेलात भाजपचे विनोद तावडे, आणि त्यांना घेराव घालणारे बहुजन विकास आघाडीचे कार्यकर्ते. पैसे वाटले असा यांचा आरोप, वाटले नाहीत असं त्यांचं म्हणणं. देशभरचे कॅमेरे विरारला. गोदीत आम्ही जेवणाच्या सुट्टीत मोबाईलभोवती घोळका करून बघत होतो. एक म्हातारा मुकादम मला म्हणाला, "काय रे, तुझं गाव मोठं झालं." २३ तारखेला निकाल लागला. वसई, नालासोपारा, बोईसर, तिन्ही जागा आघाडीच्या हातून गेल्या. मला ना हे गेल्याचं दुःख, ना ते आल्याचा आनंद.

त्याच महिन्याअखेरीस नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत तोडकाम सुरू झालं, आणि जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये बाकीचं. ४१ इमारती. हायकोर्टाचा हुकूम. जागा डंपिंग ग्राउंड आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव, म्हणून बांधकाम बेकायदा. दोन हजारांवर कुटुंबं रस्त्यावर. कॅमेरे याही वेळी आले. भिंत कोसळताना छान दिसते, धुरळा उडतो. बाई गॅसची शेगडी छातीशी धरून उभी, तिला विचारलं, "कसं वाटतंय?" अरे भडव्या, कसं वाटणार? हॉटेलातल्या नोटा मोजायला एवढे कॅमेरे होते. या ४१ इमारतींतल्या खोल्या विकल्या तेव्हा नोटा कुणी मोजल्या? घरपट्टी कुणी घेतली? वीज कुणी जोडली? खोली घेणाऱ्याला बेकायदा म्हणता. विकणाऱ्याचं नाव अर्धा मिनिट, आणि सही करणाऱ्याचं नावच नाही.

आणि मग २७ ऑगस्ट २०२५. मध्यरात्र नुकतीच उलटलेली, सकाळी गणपती बसायचे. विरार पूर्वेला विजयनगरमध्ये रमाबाई अपार्टमेंट कोसळलं. चार माळ्यांची बेकायदा इमारत. बोळ इतका अरुंद की मोठी यंत्रं आत जाईनात, माणसांनी हातानं ढिगारा उपसला. आपल्यातली तीन पोरं रात्रीच गेली होती. ती परत आली तेव्हा त्यांचे डोळे सिमेंटनं पांढरे झाले होते. मी इथं टीव्हीसमोर. सकाळपासून टीव्हीत गणपती, लालबाग, ढोलताशे. मनोज जरांगे पाटील मुंबईला निघाले, त्यांच्या गाड्यांचा ताफा. त्यांचं आरक्षण त्यांनी मागावं, मी त्यावर इथं बोलत नाही. मी खालची पट्टी बघत होतो. पट्टीत विरारचा आकडा. तो वाढत होता. शेवटी १७ झाला. पट्टीत तो आकडा सोन्याच्या भावाशेजारून सरकत गेला.

महापालिका २००९ ला झाली. २०२० ला मुदत संपली, आणि ती इमारत पडली तेव्हा पाच वर्षं उलटून गेली तरी या शहराला निवडून दिलेला एक नगरसेवक नव्हता. सगळा कारभार प्रशासकाचा. कुणाच्या दारात जाऊन बोंबलायचं, तेच कळत नव्हतं. यावर किती महाचर्चा झाल्या? मी स्वतः चार माळ्यांच्या अशाच बिल्डिंगीत राहतो. जिन्याच्या खांबाला बोट जाईल एवढी चीर आहे. रात्री वरच्या माळ्यावर कुणी पाटा सरकवला तरी आई उठून बसते.

तुम्ही म्हणाल, टीव्ही आला म्हणून हे झालं. नाही. गोदीतली जुनी माणसं १९४४ चा स्फोट सांगतात. १४ एप्रिल, बाबासाहेबांचा वाढदिवस. ते तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' बोट, पोटात दारूगोळा आणि त्याच्याजवळच कापसाच्या गाठी. दुपारी आग लागली, चारनंतर बोट उडाली. शेकडो माणसं गेली, कितीतरी हमाल. आणि बातमी? सरकारनं दाबली. दुसऱ्या दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओनं जगाला सांगितलं. इथल्या वार्ताहरांना बातमी बाहेर धाडायला मे महिना उजाडावा लागला. तेव्हा बातमी दाबून ठेवायचे. आता बातमी दाखवून माणूस दाबतात. गोदी तीच, हमाल तोच.

आता वाढवणला मोठं बंदर होतंय. ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला पायाभरणी केली. ७६,२०० कोटींचं काम, १२ लाख रोजगार. त्या दिवशी टीव्हीत सगळी चर्चा मालवणच्या पुतळ्याची आणि पंतप्रधानांनी मागितलेल्या माफीची. किनाऱ्यावर मच्छीमार काळे झेंडे घेऊन उभे होते, ते मी मोबाईलवर बघितले. मी गोदीतला माणूस, मला एक साधा प्रश्न पडतो. कंटेनर क्रेन उचलते. जिथं टोळीच्या टोळी बोटीवर चढायची तिथं आता केबिनमध्ये एक माणूस बसतो. मग १२ लाख माणसं नक्की काय उचलणार? पर्मनंट असतील की माझ्यासारखी ठेकेदाराची? मच्छीमारणीच्या पाटीतली मासळी या हिशेबात धरली का? हा प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. गोदीत एक पाळी केलेली असली की पुरे.

आपण जिथं बसलोय ते सोपारा. एके काळचं मोठं बंदर. इथंच १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. राजाचं कौतुक मला फारसं नको, राजे सगळे राजेच. पण त्या आठव्या लेखात काय आहे ते बघा. आधीचे राजे शिकारीला, मौजेला दौरे काढायचे. यानं धम्माचे दौरे काढले आणि त्यात एक काम लिहून ठेवलं ते असं की, गावाखेड्यातल्या लोकांना भेटायचं आणि त्यांच्याशी विचारपूस करायची. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर ही बातमी होती, आपल्या गावात. आपल्या गावात माईक घेऊन येणाऱ्या पोराला ती कुणीतरी वाचून दाखवा.

आपल्याकडं चॅनेल नाही. वही आहे. दोनशे पानी, मी आणलीय, विहाराच्या कपाटात ठेवतो. प्रत्येकानं आपल्या बिल्डिंगीचं एक पान लिहायचं. बांधली कधी, बांधली कुणी, खोली कितीला घेतली, पावती आहे का, घरपट्टी कधीपासून, नोटीस आली का, चीर कुठल्या खांबाला. ज्याला लिहिता येत नाही त्याचं पान मी लिहीन. दर रविवारी सातच्या बातम्यांना टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि वही मोठ्यानं वाचायची. चित्र त्यांचं असू दे. पहिलं पान मी माझ्या बिल्डिंगीचं लिहिलंय. बिल्डरचं नाव घालताना आईनं हात धरला, म्हणाली, "आपल्याला त्याच बिल्डिंगीत राहायचंय." तरी घातलं. तुम्हीपण पेननं लिहा, पेन्सिल नको.

जयभीम. आता कविता वाचतो.