दारू सोडणाऱ्यांची बैठक



आज दारूविषयी बोलायचे आहे. पण दारू वाईट, हे मी सांगणार नाही. ते तुम्हांला ठाऊक आहे. पिणाऱ्यालाही ठाऊक असते. तो पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतो. चार दिवस बरे जातात. पाचव्या दिवशी बाजार येतो, आणि पाय आपोआप गुत्त्याकडे वळतात. बायको म्हणते, "ह्यांच्या शब्दाला काही किंमत नाही." पण शपथ घेतली तेव्हा ती खरीच होती. एकट्याला ती पेलली नाही, एवढेच.

एकट्याला पेलत नाही, ते चौघांत पेलते का? ऐका.

सन १९३५. अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाचे शहर आहे. बिल विल्सन नावाचा माणूस तिथे धंद्याच्या कामासाठी गेला होता. मोठा पिणारा. पण पाच महिने थेंब घेतला नव्हता. तिथे काम फसले. परका गाव, जवळ कोणी नाही, आणि समोर दारूचे दुकान! त्याच्या मनात आले, 'आत्ता दुसरा एखादा दारुडा भेटला, त्याच्याशी बोललो, तरच मी वाचेन.' त्याने इकडे तिकडे फोन केले. शेवटी बॉब स्मिथ नावाच्या डॉक्टरची गाठ पडली. डॉक्टर शस्त्रक्रिया करणारा, पण दारूने पोखरलेला. तो म्हणाला, पंधरा मिनिटे बसतो. बसला मात्र पाच-सहा तास. कारण समोरचा माणूस उपदेश करत नव्हता. आपलीच फजिती सांगत होता.

त्याच वर्षी जून महिन्यात डॉक्टरने शेवटचा घोट घेतला. १९५० साली तो वारला, तोवर पुन्हा प्याला नाही. या दोघांतून जी संघटना उभी राहिली, तिला अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणतात. आपल्याकडे सगळे 'ए.ए.' म्हणतात. भारतात ती १९५७ साली आली.

आता बैठकीत काय चालते? शाळेची खोली असते, नाहीतर दवाखान्याची. तास-दीड तास माणसे बसतात. एकजण उठतो, आपले पहिले नाव सांगतो, आणि म्हणतो, "मी दारुडा आहे." मग आपली हकीकत सांगतो. मधे कोणी बोलत नाही. कोणी हसत नाही. आडनाव, जात, गाव कोणी विचारत नाही. तिथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, असा रिवाज आहे. फी नाही. शेवटी पिशवी फिरते. असेल तर टाका, नसेल तर पुढे द्या. अट एकच. दारू सोडायची इच्छा पाहिजे. बाईमाणूस पीत असेल, तर तिलाही हीच अट.

कधी कधी बैठक चर्चच्या खोलीत भरते. मग लोक कुजबुजतात, "धर्म बदलतील हो!" तसे काही नाही. खोली स्वस्तात मिळते म्हणून तिथे बसतात. देवाचे नाव घेतात, पण ज्याचा त्याचा देव ज्याच्या त्याच्यापाशी.

जन्मभराची शपथ तिथे घालत नाहीत. आजचा दिवस प्यायचे नाही. उद्याचे उद्या. मन फारच ओढ घेऊ लागले, तर जुन्या गड्याला फोन करायचा. तो रात्रीही उचलतो. एखादा घसरलाच, तर त्याला हाकलत नाहीत. "ये, बस," म्हणतात.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू तोडू नये. हात कापतात, घाम सुटतो. कोणाला फिट येते. कोणाला नसलेली माणसे दिसतात. गावात म्हणतात, "बाधा झाली," आणि भगताकडे नेतात. ती बाधा नव्हे. अंगाला लागलेली दारू तुटल्याचा तो त्रास आहे. त्यात जीवही जातो. आधी डॉक्टर गाठा. तो औषध देऊन दारू उतरवतो. बैठक त्यानंतरची. बैठकीत औषध मिळत नाही.

पत्ता कुठे मिळेल? सरकारी दवाखान्यात विचारा. सरकारचा १४४४६ हा फोन नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले. तिथेही माहिती मिळते.

घरच्यांचे काय? पिणारा एक, पण झोप सगळ्या घराची उडते. त्यांच्यासाठी अल-अ‍ॅनॉन नावाची निराळी बैठक असते. नवरा जायला तयार नसला, तरी बायको तिथे एकटी जाऊ शकते. त्याची परवानगी लागत नाही. ए.ए.च्याही काही बैठका खुल्या असतात, तिथे घरची माणसे चालतात. बंद बैठक फक्त पिणाऱ्यांची.

पहिल्या दिवशी जीव रमणार नाही. "मी काही यांच्याइतका वाया गेलो नाही," असे वाटेल. सगळ्यांनाच वाटते. तरी पाच-सहा वेळा जाऊन बघा. बोलायचे नसेल तर नुसते ऐका. गावात बैठक नसेल, तर हल्ली मोबाईलवरही भरतात. आणि दारू सोडू इच्छिणारे दोघे-तिघे एकत्र बसले, तरी त्यांची बैठक होते.

तालुक्याला जाणार असाल, तर बैठका बहुतेक संध्याकाळच्या असतात. शेवटची एसटी किती वाजता, ते आधी विचारून ठेवा. आणि पहिल्या खेपेला दारापर्यंत कोणाला तरी बरोबर न्या. वाटेत गुत्ता लागतो.