चित्रफिती, शिक्षा आणि नैसर्गिक न्याय



इंटरनेटवरील चित्रफिती आता केवळ करमणुकीपुरत्या उरलेल्या नाहीत. शेतीसल्ला, स्पर्धा परीक्षांचे मार्गदर्शन, लोककला अशा विषयांवरील चित्रफितींवर अनेकांची उपजीविका चालते. म्हणूनच नियमभंगाबद्दल मिळणारी शिक्षा हा त्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न ठरतो.

यूट्यूबचे उदाहरण घेऊ. मजकूरविषयक नियमांचा प्रथमच भंग झाल्यास चित्रफीत हटवून सहसा केवळ ताकीद दिली जाते. त्यानंतरच्या भंगाबद्दल ‘स्ट्राइक’ नोंदवला जातो आणि एक आठवडा नवी चित्रफीत प्रसारित करता येत नाही. ९० दिवसांच्या आत दुसरा स्ट्राइक आल्यास ही बंदी दोन आठवड्यांची होते. तिसऱ्यानंतर चॅनेलच कायमचे बंद होते. अतिगंभीर प्रकरणी ताकीदही मिळत नाही. स्वामित्वहक्काच्या भंगाची मोजदाद मात्र स्वतंत्रपणे होते.

शिक्षेची ही चढती श्रेणी तत्त्वतः योग्यच आहे. प्रश्न आहे तो दोषनिश्चितीचा. २०२० मध्ये महामारीमुळे तपासनीसांची संख्या घटली आणि यंत्रांवरील भिस्त वाढली. एप्रिल ते जून या तिमाहीत यूट्यूबने १ कोटी १० लाखांहून अधिक चित्रफिती हटवल्या. अपिलानंतर त्यांपैकी दीड लाखांहून अधिक परत आल्या. मात्र माणसाच्या तपासणीविना हटवलेल्या चित्रफितींवर सहसा स्ट्राइक न लावण्याचे धोरण कंपनीने त्या काळात ठेवले होते. यंत्राने संशय घ्यावा, पण शिक्षा माणसाने विचारपूर्वक द्यावी, हाच त्यातील बोध होय.

आपल्या देशात २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी या तत्त्वाला कायद्याचे बळ दिले. ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या मंचाने स्वतःहून मजकूर हटवताना संबंधितास कारणे कळवावीत आणि म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, अशी त्यांत तरतूद आहे. तक्रार अधिकाऱ्याचा निर्णय अमान्य असल्यास ३० दिवसांत दाद मागता यावी, यासाठी जानेवारी २०२३ मध्ये तीन तक्रार अपिलीय समित्या स्थापन झाल्या.

परंतु हक्क माहीत नसेल तर तो कागदावरच राहतो. सूचना आल्यावर घाबरून चित्रफीत पुसू नका. तेवढ्याने स्ट्राइक जात नाही. कारण नीट वाचा, मूळ प्रत जपा आणि मुदतीत अपील करा. मंचांनीही कारणे वापरकर्त्याला समजेल अशा भाषेत द्यावीत. ज्याला आपला दोषच कळला नाही, तो सुधारणार कसा?