बाळाची शी कोणत्या रंगाची?

आजच्या विषयाला नाक मुरडू नका. आज आम्ही तान्ह्या बाळाच्या शीबद्दल बोलणार आहोत.

आमच्या गटातल्या एकीची नात तिसऱ्या आठवड्यातही पिवळी दिसत होती. घरच्यांनी कोवळ्या उन्हात धरलं, मग काविळीची माळ घातली. बाळ अंगावर चांगलं पीत होतं, म्हणून कुणी घाबरलं नाही. शी मात्र पांढुरकी, भिजवलेल्या ज्वारीच्या पिठासारखी. मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोचायला तिसरा महिना उजाडला. तोवर यकृत कडक होत आलं होतं. आणि घरात बोलणी कुणी खाल्ली? सुनेनं. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही म्हणे!

या आजाराला बिलिअरी अट्रेझिया म्हणतात. यकृतात तयार होणारं पित्त बारीक नळीतून आतड्यात उतरतं. छातीत जळजळलं की आपण पित्त म्हणतो, ते हे नव्हे. या पित्तानंच शीला रंग येतो. नळी सुजून बुजली की शी फिकट पडते आणि पित्त यकृतातच तुंबतं.

नळी बुजते कशी, हे शास्त्रज्ञांनी उंदरांच्या पिल्लांत पाहिलं. जन्मल्यावर एका दिवसात पिल्लाला माकडातला रोटाव्हायरस टोचला, तर थोड्याच दिवसांत ते पिवळं पडतं. विषाणू पुढे नाहीसा होतो, पण त्याच्याशी लढायला आलेल्या शरीराच्याच पेशी नळीवर तुटून पडलेल्या असतात, त्या थांबत नाहीत. चोर पळाला तरी गावकऱ्यांनी घरमालकालाच बडवत राहावं, तसं. त्या पेशींना चेतवणारं इंटरफेरॉन गॅमा ज्या पिल्लांत नव्हतं, त्यांची नळी उघडी राहिली. माणसाच्या बाळात सुरुवात कशानं होते याचा शोध चालू आहे, पण त्यात ग्रहणाला जागा नाही.

रोटाव्हायरसचं नाव ऐकून दीड महिन्याचे थेंब मात्र चुकवू नका हं. उंदरांच्या माद्यांना आधी लस दिली, तेव्हा उलट पिल्लं वाचली.

उपाय शस्त्रक्रियेचा. जपानच्या डॉ. मोरिओ कासाई यांनी 1950च्या दशकात ती सुरू केली. बुजलेली नळी काढून आतडं थेट यकृताला जोडतात. 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहतं होण्याची शक्यता जास्त. उशीर झाला की पुष्कळदा यकृत बदलायची वेळ येते. तैवानमध्ये 2004 पासून बाळाच्या पुस्तिकेतच शीच्या रंगांचं कार्ड असतं, आई घरीच ताडून बघते.

आपल्याकडे आशाताई 14व्या, 21व्या, 28व्या दिवशी घरी येतात. त्यांना भरलेला लंगोट उजेडात दाखवा. हळदीसारखी पिवळी किंवा हिरवट शी चालते. पांढुरकी, राखी, अगदी फिकट असेल, लघवीचा गडद पिवळा डाग दुपट्यावर पडत असेल, किंवा दोन आठवड्यांनंतरही डोळे पिवळे असतील, तर सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि डायरेक्ट बिलिरुबिन तपासायला सांगा. सासूबाई ‘होईल कमी’ म्हणाल्या, तर त्यांनाही तो लंगोट दाखवा.