फीड बंद करू नका

 

वेबसाइट बांधणाऱ्यांच्या या अधिवेशनात अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. होस्टिंगचे चढे दर, तयार थीमचा सुळसुळाट, थकलेली बिलं, यंत्रानं लिहिलेला मजकूर या विषयांवर उद्या स्वतंत्र सत्रं आहेत. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचं आहे आणि त्यासाठी मी बरीच वर्षं थांबलो आहे. धंद्याच्या वेबसाइटवरचं फीड आपण, आपल्याच हातांनी, बंद करत आलो आहोत.

तरुण मित्रांसाठी थोडं मागे जातो. मार्च 1999 मध्ये नेटस्केप कंपनीनं आपल्या पोर्टलसाठी आरएसएस या फीडच्या रूपाची पहिली आवृत्ती आणली. ती घडवणाऱ्यांत डॅन लिबी होते आणि मद्रास आयआयटीत शिकलेले रामनाथन गुहा होते. 2002 मध्ये डेव्ह वायनर यांनी आरएसएस 2.0 आणलं, तेच आजही चालतं. 2005 मध्ये अ‍ॅटम हे दुसरं रूप प्रमाणित झालं. रचना साधी आहे. एक्सएमएलची एक फाइल, तिच्यात प्रत्येक नव्या मजकुराचं शीर्षक, दुवा, मजकूर, तारीख आणि कायमची ओळखखूण. वाचणाऱ्याचं अ‍ॅप ती फाइल अधूनमधून तपासतं. वाचणाऱ्याला फोन नंबर द्यावा लागत नाही, ईमेल द्यावा लागत नाही. नको झालं की तो स्वतः काढून टाकतो. वाचकाचा इतका मान राखणारी दुसरी सोय मला माहीत नाही.

आणि आपण काय करतो? साइटचा वेग वाढवण्याच्या नावाखाली प्लगइनमध्ये एक खूण करतो आणि फीड उडवतो. मालकाला विचारतही नाही.

‘आरएसएस संपलं’ असं सकाळच्या चर्चेत ठासून सांगितलं गेलं. गूगल रीडर 1 जुलै 2013 रोजी बंद झालं, फायरफॉक्सनं डिसेंबर 2018 मध्ये फीडची सोय काढली, हे खरंच आहे. पण बंद पडली ती वाचायची साधनं. बहुतेक पॉडकास्ट आजही आरएसएसवर चालतात. दुकानाची उत्पादन-यादी गूगल मर्चंट सेंटरला आरएसएसमधून देता येते. रिझर्व्ह बँक आपली परिपत्रकं फीडमधून देते. संपलेल्या गोष्टीवर रिझर्व्ह बँक विसंबेल का?

सांगलीचे एक हळद व्यापारी माझे जुने ग्राहक आहेत. राजापुरी हळदीची आवक आणि दर ते रोज साइटवर टाकत. पुढे मुलानं सगळा भर एका समाजमाध्यमावरच्या पानावर दिला. एका सकाळी ते पान कुलूपबंद झालं. कारण कळेना, तक्रार ऐकायला माणूस मिळेना. जमवलेले हजारो लोक एका क्षणात तुटले. साइटवरचं फीड मात्र मी चालू ठेवायला लावलं होतं. इरोडचे आणि गुजरातचे मोजके खरेदीदार ते घेत होते. पान बंद असताना सौदे झाले ते त्यांच्याशी. भाड्याच्या गाळ्यावर पाटी कितीही मोठी लावली, तरी किल्ली मालकाकडेच असते.

दुसरा वाद, फीडमध्ये पूर्ण मजकूर द्यावा की दोन ओळी. पुण्यातल्या एका सनदी लेखापालांच्या कार्यालयानं मजकूर चोरीला जाईल म्हणून दोन ओळींचा हट्ट धरला. चोरानं पानावरून सगळं उचललंच. त्याला फीड लागत नाही. तुटले ते लोकलमध्ये जीएसटीचे बदल वाचणारे कारखान्यांतले हिशेबनीस. आम्ही पूर्ण मजकूर दिला, प्रत्येक नोंदीखाली कार्यालयाचं नाव आणि मूळ पानाचा दुवा घातला. महिन्याभरात शंका विचारणारे फोन सुरू झाले आणि त्यातूनच नवी कामं आली. माझ्या लेखी हा वाद तिथेच मिटला.

फीड ठेवायचं तर नीट ठेवा. देवनागरी मजकूर यूटीएफ-8 मध्येच जाऊ द्या, नाहीतर वाचकाला चौकोन आणि प्रश्नचिन्हं दिसतात. वेळेपुढे +0530 लिहा. साइट नव्या सर्व्हरवर नेताना ओळखखुणा बदलू नका, नाहीतर सगळा जुना मजकूर नवा म्हणून वाचकाच्या अंगावर येतो. फीडचा दुवा पानाच्या शीर्षभागात ठेवा, म्हणजे अ‍ॅपला तो आपोआप सापडतो.

वर्षभरात मराठीत एक छोटी पुस्तिका काढावी, जिल्ह्याजिल्ह्यांत फीड-तपासणीचे वर्ग घ्यावेत, बाजार समित्यांनी रोजचे दर फीडमधून द्यावेत म्हणून त्यांच्याशी बोलावं, असं मनात आहे. कार्यकारिणी तपशील ठरवेल.

एक मागणी मात्र आजच करतो. वेबसाइट गिऱ्हाइकाची आहे, तिच्यावरचा शब्द त्याचा आहे आणि तो ऐकायला येणारा माणूसही त्याचाच आहे. त्या दोघांमधली वाट बंद करायचा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही. ज्यांनी ती बंद केली, त्यांनी या आठवड्यात उघडावी.