कामातून शिकणे: स्वागताध्यक्षीय भाषण
कामाची वर्षे वाढली म्हणजे कसब वाढतेच असे नाही. सवय मात्र हटकून वाढते, आणि हात चुकीच्या कामालाही सरावतात. घडलेला प्रसंग पुन्हा तपासणे, तो तसा का घडला हे जाणत्या माणसापुढे बोलून दाखवणे आणि पुढच्या खेपेस काही वेगळे करून पाहणे, एवढे झाले तरच अनुभव पदरी पडतो. डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ साली याचे चार टप्प्यांचे चक्र मांडले. फळ्यावर ते सुबक दिसते. प्रत्यक्षात टप्पे इतक्या शिस्तीत येत नाहीत. काम चालू असतानाचा विचार वेगळा आणि काम उरकल्यावरचा वेगळा, हा डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये केलेला भेद कामाच्या ठिकाणी अधिक उपयोगी पडतो.

ग्रामीण आरोग्याच्या क्षेत्रात याचे उत्तम उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेथे १९७० साली प्रकल्प सुरू केला. खेड्यांत परिचारिका ठेवण्याचा बेत जमला नाही, तेव्हा गावांतल्याच बायका निवडल्या गेल्या. त्यांतल्या कित्येक निरक्षर. पुस्तक हाती देऊन उपयोग नव्हता. त्या ठरावीक दिवशी जामखेडला जमत आणि गावात काय घडले ते सांगत. जुलाबाने सुकलेले मूल, अडलेली बाळंतीण, औषधाला नकार देणारे घर, असे एकीचे प्रसंग दुसरीचे धडे होत. सासूचे मन कसे वळवावे, हे डॉक्टरांपेक्षा शेजारच्या गावची बाईच नेमके सांगू शकते. मग गावी परतून ते करून पाहायचे, आणि फसले तर पुढच्या खेपेस तेही सांगायचे. फसलेले सांगण्याची मुभा हाच या पद्धतीचा कणा होय. चूक कबूल करताच मेमो हाती पडत असेल, तर माणसे बरे तेवढेच बोलतात.

२०१९ पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना लॉगबुकात अनुभवावरचे चिंतनही लिहावे लागते. सोय चांगली, पण पाने सबमिशनच्या आदल्या रात्री भरली, तर ते केवळ शुद्धलेखन ठरते. आशा स्वयंसेविकांच्या मासिक बैठकीचेही तसेच. दुपार अहवालांत सरली, की प्रसंग सांगायचे राहून जातात.

याच विषयावरच्या या परिषदेसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या आशा स्वयंसेविका, गटप्रवर्तक, परिचारिका आणि प्रशिक्षकांचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत. परिषदेत भाषणांपेक्षा गटचर्चांना अधिक वेळ दिला आहे. प्रत्येक गटापुढे एकच प्रसंग असेल. तो हाताळणारी व्यक्ती आधी बोलेल, मग सहकारी प्रश्न विचारतील आणि वरिष्ठ सर्वांत शेवटी बोलतील.